आतला नळ

“नळ नको आमास्नी,” अनसाकाकू म्हणाली आणि पदर सावरून खाली बसली.

माझं पेन तिथंच थांबलं. पिंपरखडीच्या शाळेच्या व्हरांड्यात माझ्यापुढं त्रेपन्न बायका बसल्या होत्या, आणि त्या खरोखरच्या होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्याआधीच्या ग्रामसेवकांच्या काळात महिलांची ग्रामसभा फक्त वहीत भरायची. ज्ञानू शिपाई वही काखोटीला मारून दारोदार सह्या-अंगठे गोळा करायचा, आणि समस्त महिलांनी एकमतानं काय ठरवलं ते ग्रामसेवकभाऊ घरी चहा पिता पिता लिहायचे. एका वर्षी महिलांनी एकमतानं, आपल्या वाट्याच्या निधीतून, गावच्या तालमीला लोखंडी दार बसवलं होतं. मी रुजू झाले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. असलं पाप आपल्या हातून होणार नाही, असं स्वतःला बजावूनच मी त्या गावात पाऊल टाकलं होतं.

म्हणून तर आठवडाभर घरोघर फिरून मी बायका गोळा केल्या होत्या. ग्रामपंचायतीला दहा टक्के निधी महिला-बालकल्याणावर खर्चावा लागतो. आमच्याकडं तो चार वर्षं पडून होता, आणि पाणीयोजनेतून वरचा वाटा मिळणार होता. दोन्ही मिळून घरोघरी नळ देता येत होता. बायकांच्या वाट्याच्या निधीतून बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवायचा, याहून सरळ गोष्ट कुठली? मला वाटलं होतं, टाळ्या पडतील.

“नळ नको म्हणजे काय काकू?”

“म्हंजी घरोघर नको. आडापाशी टाकी बांदा. तितंच सा नळ काढा, धुण्याला वटा करा, वर पत्रं टाका. लय झालं.”

“अहो, पण पाणी घरात येत असताना तुम्ही आडापर्यंत पायपीट कशाला करायची?”

“जमाय बरं पडतंय.”

“गप्पा मारायला?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अनसाकाकू हसली नाही. ती साठीची होती, अंगानं काटक, बोलायला तुटक. तिचं घर आडाच्या अगदी तोंडाशी, आणि रोज पहाटे रांगेतली पहिली कळशी तिची. मी मनात म्हटलं, हिची पाटीलकी आडावर चालते, ती जाईल म्हणून हिच्या पोटात दुखतंय.

मग मी भाषण ठोकलं. हंड्यानं मणके कसे झिजतात, गर्भपात कसे होतात, बाईच्या आयुष्यातले किती तास पाण्यात जातात, हे सगळं मी प्रशिक्षणात शिकले होते आणि मला ते मनापासून पटलं होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं. अनसाकाकूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पाठीचं आमचं आमी बगू.”

तेवढ्यात मागच्या ओळीतून छबूबाई उठली. ओढ्यापलीकडच्या माळावर तिचं एकट्याचं घर होतं. तिथं ती, मुलगा दत्ता आणि सून, एवढीच माणसं.

“म्याडमचं बराबर हाय,” ती म्हणाली. “घरात नळ पायजेच. लेकीवाणी सून आणायची आन तिला आर्दा मैल पाण्याला हाकायची, ह्यो कुटला न्याव? सुनंला उंबऱ्याभाईर पाय टाकाय लागू ने, आसं करा.”

मला तिला मिठी मारावीशी वाटली. सासू असावी तर अशी. मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरून घेतलं आणि ते दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या ग्रामसभेत वाचून दाखवायचं ठरवलं.

“बाकीच्यांचं काय म्हणणं आहे? बोला ना. ही तुमचीच सभा आहे.”

बाकीच्या बायका फरशीकडं बघत राहिल्या. काहींनी एकदा अनसाकाकूकडं पाहिलं, एकदा छबूबाईकडं. मी ते लाजणं समजले. ठराव लिहायचा मी तेवढा राखून ठेवला, कारण मला वाटलं, आडावर जाऊन चार जणींशी बोलावं, मन वळवावं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी आडावर होते. कळश्यांची रांग लागलेली. प्रत्येकीची कळशी ठरल्या जागी, आणि कुठली कुणाची ते सगळ्यांना पाठ. रांगेत मधेच एक जागा मोकळी दिसली तर मी माझी बाटली तिथं ठेवली. लगेच कुणीतरी ती उचलून बाजूला केली. “ती रकमाची जागा हाय. येतीया ती.” मला त्यात फक्त हट्ट दिसला.

छबूबाईची सून सारिका तिथं पहिल्यांदा भेटली. वीस-एकवीस वर्षांची, सावळी, दात किंचित पुढं, आणि तोंडाची मोकळी. तिनं माझ्या हातात दोर दिला. “वडा की म्याडम. आमचं हाल आमालाच सांगता न्हवं?” मी दोन हात ओढला आणि बादली धपकन परत पाण्यात गेली. सगळा आड हसला. सारिका म्हणाली, “सई करनाऱ्या हाताला दोर सोसंना व्हय.” मला ती मुलगी फार आवडली.

दोर गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, “म्याडम, नळ आलं की आडावर यायची बंदी हुनार का?”

“बंदी कशाला? यायची गरजच राहणार नाही.”

“आसं व्हय,” ती म्हणाली. कळशी डोक्यावर घेतली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. अनसाकाकू तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत उभी होती. मग ती माझ्याकडं वळली आणि तिनं तोंड उघडलं. पण छबूबाईची भावजय कळशी भरायला पुढं आली, आणि काकूनं तोंड मिटलं.

त्या दुपारी मी कार्यालयात बसून लिहिलं: घरोघरी नळजोडणी करण्यास उपस्थित महिलांनी सर्वानुमते मंजुरी दिली. जुन्या ग्रामसेवकभाऊंत आणि माझ्यात फरक एवढाच की लिहिताना मी चहा पीत नव्हते. बायकांना आपलं भलं कळत नाही, आपण ते त्यांना मिळवून द्यायचं, मग त्या आपोआप दुवा देतील, असा माझा हिशेब होता. ज्ञानूनं वही फिरवली, बायकांनी सह्या केल्या. अनसाकाकूनंही अंगठा दिला. मला तो माझा विजय वाटला.

कामाला वेळ लागला नाही, कारण मी कुणाला बसू दिलं नाही. कंत्राटदाराच्या मागं हात धुऊन लागले. ज्येष्ठाच्या सुरुवातीला पाइप गावभर फिरले. तेव्हा छबूबाई कार्यालयात आली, पायरीवरच बसली आणि म्हणाली, “म्याडम, एक नळ आंगनात दिलासा. आत मागल्या खोलीत अजून एक द्या की. सुनंला भांडी-धुणं आतल्या आत करता यील. भाईर ऊन हाय, वारं हाय, गडीमानसं येत्यात-जात्यात.”

नियमानं एका घराला एकच नळ. पण सभेत एकटीनं माझी बाजू घेणारी बाई ती. मी फिटरला सांगून वीस फूट पाइप जास्त टाकायला लावला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, महिलेचे श्रम कमी व्हावेत म्हणून विशेष बाब.

पाणी सोडलं त्या दिवशी सरपंचांनी नारळ फोडला. सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सहा, दारात पाणी. महिन्याभरात आडावरची रांग मोडली. दोर कुजला. मनातल्या मनात मी दिवाळी साजरी केली. आडाच्या कट्ट्यावर फक्त अनसाकाकू दिसायची. तिच्याही दारात नळ होता, त्याचं पाणी ती भरायची, आणि भरून झालं की येऊन कट्ट्यावर बसायची.

“काकू, कुणाची वाट बघताय?” मी जाता जाता चिडवायची.

“कुनाची न्हाय.”

श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी, तालुक्याहून निरोप आला. महिलांच्या निधीतून झालेल्या चांगल्या कामांची पुस्तिका निघणार होती, त्यासाठी नळावर पाणी भरणाऱ्या लाभार्थी महिलेचा फोटो दुपारपर्यंत हवा होता. लाभार्थी म्हटल्यावर मला एकच घर आठवलं. पंचायतीचा कॅमेरा घेतला आणि सकाळी सव्वासातला ओढा ओलांडून छबूबाईच्या अंगणात हजर झाले.

“सारिका कुठंय? तिचाच फोटो घेऊ या,” मी म्हटलं.

“पंचमीला म्हायेरी गेलीया की.”

बरोबरच होतं. पंचमीला लेकी माहेरी जातातच. मला जरा वाईट वाटलं, कारण तिच्या दातांसकट ती फोटोत झकास दिसली असती. मग छबूबाईलाच नळापाशी उभं केलं. तिनं नवं लुगडं नेसून यायला दहा मिनिटं घेतली. कळशी नळाखाली, पाणी धो धो. ती फोटोत फार कडक दिसत होती. मी म्हटलं, “हसा जरा. एवढा दारात नळ आला, हसा की.” ती हसली. मी तीन फोटो घेतले, चहा घेतला आणि परतले. त्याच दुपारी ज्ञानू तालुक्याला जाऊन फोटो देऊन आला.

चारच्या सुमारास मी आडावरून चालले होते. कट्ट्यावर अनसाकाकू बसली होती. बोलायचं म्हणून मी बोलले, “काय काकू, पंचमीला लेक आली का? गावात निम्म्या सुना माहेरी गेल्यात. छबूबाईची सारिकाही गेली.”

“कुटं गेली?”

“माहेरी. छबूबाई म्हणाली सकाळी.”

काकू उभी राहिली. “काल तिचा भाऊ मला एष्टी-थांब्यावर भेटला. तिला न्यायला आलता. छबूनं त्याला सांगितलं, ती नवऱ्यासंगट नणंदंकडं गेलीया. मोकळ्या हातानं म्हागारी गेला त्यो. आन दत्ता तर आज सकाळी मला चावडीपाशी दिसला.”

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मी म्हणाले, “म्हणजे नणंदेकडून परस्पर माहेरी—”

“तुमी तिला कवा बगितली शेवटची?”

मी आठवून पाहिलं. पाणी सोडलं त्या दिवशी? नाही, त्या दिवशी छबूबाई आली होती. त्याआधी? आडावर. पाइप टाकायच्या आधी. मी तसं सांगितलं. काकूनं समोरच्या घरातल्या बाईला हाक मारली. तिनं सारिकाला दीड-दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिला वाटत होतं, रकमानं पाहिलं असेल. आम्ही रकमाकडं गेलो. रकमाला वाटत होतं, काकूनं पाहिलं असेल. पूर्वी आडावर एक हाक घातली असती तर सगळ्या जणी एका ठिकाणी सापडल्या असत्या. आता आम्ही दार दार वाजवत फिरत होतो, आणि प्रत्येक दारात कुणीतरी पाणी भरायची तयारी करत होतं.

शेवटी काकू आपल्या घरात शिरली आणि हातात एक रिकामी वाटी घेऊन बाहेर आली. रकमा आणि आणखी एक बाई तिच्यामागं निघाली. मी ज्ञानूला पोलीसपाटलाकडं पिटाळलं आणि त्यांच्यामागं धावले.

“वाटी कशाला काकू?”

“इरजान मागाय.”

“आत्ता? विरजण?”

चालता चालता, माझ्याकडं न बघता, तिनं सांगितलं. आडावर दोन दिवस कुणाची कळशी दिसली नाही, तर तिसऱ्या दिवशी काकू वाटी घेऊन त्या घरी विरजण मागायला जायची. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. उंबऱ्यात बसायचं आणि त्या घरची बाई स्वतः वाटी घेऊन बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. सासूनं दिलं तर म्हणायचं, तुझं आंबट असतं, सुनंच्या हातचं दे. बाई दिसली, चालली, बोलली, की वाटी घेऊन परत. ताप असेल तर ताप कळायचा. मार असेल तर तोही कळायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी दुसरी कुणीतरी वाटी घेऊन जायची, तिसऱ्या दिवशी तिसरी. घरातल्यांना समजायचं की आता गाव बघतंय. कुणी कुणाला एक शब्द बोलायचं नाही.

“माज्या सासूच्या वक्तापासनं चालत आलंय. सारिकाच्या घरला दोनदा गेली हुती मी.”

“मग हे सभेत का नाही सांगितलंत?” माझा आवाज चढला होता.

“कुनाच्या म्होरं सांगू? छबू मागंच बसली हुती.”

“मला एकटीला सांगायचं.”

“तुमी इचारलं का एकटीला?” काकू म्हणाली. “तुमी तर सांगायला आलता.”

आम्ही ओढा ओलांडला.

छबूबाई ओसरीवर शेंगा सोलत होती. सकाळचं नवं लुगडं अजून अंगावरच होतं. चौघींना बघून तिचे हात थांबले, पण चेहरा नाही हलला.

“इरजान दे छबू,” काकू म्हणाली आणि उंबऱ्यात बसली.

“दूदच न्हाय तर इरजान कुटलं?”

“मग बसती घटकाभर. धाप लागलीया.”

“बस की. च्या टाकू?”

“नको.”

मी ओसरीच्या कडेला उभी होते आणि अजूनही, खरं सांगते, अजूनही मला वाटत होतं की ह्या बायका गैरसमज करून घेताहेत. मी ह्या घरात सकाळी चहा प्यायले होते. सभेत सुनेची बाजू घेणारी बाई ही. मनातल्या मनात मी छबूबाईची माफी कशी मागायची त्याची जुळवाजुळव करत होते.

मग पाच वाजले आणि पाणी आलं. अंगणातल्या नळाची तोटी बंद होती, तिथं फक्त हवा फुसफुसली. पण घराच्या आतून, मागच्या खोलीकडून, पाण्याचा आवाज यायला लागला. आधी रिकाम्या भांड्याच्या तळावर पडणारा, मग हळूहळू भरत जाणारा. छबूबाई शेंगा सोलायला लागली, भराभरा. आवाज बारीक होत वर चढला, भांडं काठोकाठ आलं असावं, आणि तोटी बंद झाली.

नळ आपला आपण बंद होत नाही.

अनसाकाकू उठली. छबूबाई आडवी आली तसं रकमानं तिला दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवलं. आम्ही आत गेलो. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि कडीत लाकडाची खुंटी ठोकली होती. काकूच्या हाताला ती निघेना. मी ओढली. दार उघडलं तेव्हा आतून कडब्याचा आणि घाणीचा असा दर्प आला की मी मागं सरले.

नळाखाली कळशी होती. तिच्याशेजारी कोणीतरी बसलं होतं. केस मुळापासून, वेडेवाकडे कापलेले. डावा हात कोपरापाशी भलत्याच बाजूला वळून तसाच सांधलेला. मी ओळखलंच नाही. मला वाटलं, ही घरातली कुणी म्हातारी असेल, आजारी. मी वळून छबूबाईला विचारणार होते, ह्या कोण? मग त्या चेहऱ्यावर मला किंचित पुढं आलेले दात दिसले.

सारिकानं माझ्याकडं पाहिलं नाही. ती काकूकडं बघत होती. “आलीस व्हय काकू,” ती म्हणाली. एवढंच, आणि अगदी साध्या आवाजात, काकू रोजच्या वेळी आल्यासारखी.

काकू तिच्याजवळ जाऊन बसली. मी दारात उभी होते. माझे डोळे त्या नळावर खिळले होते. चकचकीत पितळी तोटी, नवी. बाहेर पाण्याला पाठवायचं नाही, धुण्याला पाठवायचं नाही, भांड्याला पाठवायचं नाही. दिवसातून दोनदा पाणी आत पोचत होतं. तिला बाहेर काढायचं एकही कारण त्या घराला उरलं नव्हतं, आणि ती दिसत नाही हे कळायचं एकही कारण गावाला. दोन्ही मी एका सहीत काढून टाकली होती.

एकेचाळीस दिवस ती त्या खोलीत होती. का, असं पुढं पोलिसांनी विचारलं तेव्हा छबूबाईनं एक कारण सांगितलं, दत्तानं दुसरं, आणि दत्ताच्या बहिणीनं तिसरं. सारिका म्हणाली, हात मोडला तो कुणाला दिसू नये म्हणून आधी दोन दिवस कोंडलं, मग केस कापले ते दिसू नयेत म्हणून अजून थोडे, मग कुणी विचारलंच नाही म्हणून राहिलं. खटला पाच वर्षं चालला. मायलेकरांना शिक्षा झाली. माझ्या जबाबात मी महिलांच्या सभेत काय झालं आणि वहीत मी काय लिहिलं ते दोन्ही सांगितलं, तेव्हा वकिलांनी माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं, कारण त्याचा गुन्ह्याशी संबंध त्यांना लागेना. खात्यानं मला जादा नळासाठी एक नोटीस दिली. त्या वर्षीच्या पुस्तिकेत आमच्या गावाचा फोटो छापून आला तो आलाच, माझी दोन पत्रं पोचेपर्यंत छपाई झाली होती. फोटोत छबूबाई हसते आहे. तिच्या मागं उघड्या दारातून घराचा आतला भाग दिसतो, आणि नीट बघितलं तर शेवटी एक बंद दार आणि त्याची कडीही दिसते. नीट बघितलं तर.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. अनसाकाकू तिच्या भावाला निरोप लावायला बाहेर गेली आणि खाटेपाशी मी एकटी राहिले. सारिकाच्या दंडाला सलाईन लावलं होतं. मला वाटलं, ती झोपली आहे.

“सकाळी तुमचा आवाज आलता,” ती डोळे न उघडता म्हणाली. “हसा जरा, म्हनलासा.”

तिच्यापासून वीस फुटांवर मी चहा प्यायले होते. “मग हाक का नाही मारलीस? सारिका, एक हाक मारायचीस. मी लगेच आले असते.”

तिनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. माझ्या प्रश्नाचं तिला नवल वाटत होतं.

“आतला नळ तुमीच दिलासा न्हवं,” ती म्हणाली. “आत्याबाई म्हनल्या, म्याडमनीच करून दिलीया सोय. मला वाटलं, तुमाला ठावं हाय.”